विकतचा कस्टर्ड पाय: लेबल कसं वाचायचं, वजन कशाचं करायचं आणि तुकडा केवढा घ्यायचा

मागच्या वर्षी सासू-सासरे सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आले होते, आणि एका रविवारी मी सुपरमार्केटच्या बेकरीतल्या फ्रिजमधून एग कस्टर्ड पाय उचलून आणला, खास कारण काही नाही, वरती जायफळ भुरभुरलेलं दिसलं म्हणून. नानांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगं सूनबाई, हा तर खरवस की गं!" सासूबाई म्हणाल्या, "असू दे, पण कोल्हापूरला फोनवर पाय खाल्ला म्हणून सांगू नका, लोकांना वाटेल पाया सूप प्यायलात." हसून झालं, पण नाना लगेच दुसरा तुकडा मागायला लागले आणि त्यांना सतरा वर्षं शुगर आहे. तेव्हा मी डबा उलटा केला आणि लेबल वाचायला घेतलं, आणि खरं सांगते, पहिल्या वाचनात दोन-तीन गोष्टी साफ चुकीच्या समजले होते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, इथे राहणाऱ्यांसाठी आणि ज्यांचे आई-बाबा इथे येतात त्यांच्यासाठी.

आधी एक गोंधळ काढून टाकू. आपण घरी कस्टर्ड म्हणतो ते पावडरीचं, म्हणजे कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिला, त्यात अंडं नसतंच. ती पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाने बनवली, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. अमेरिकेतला कस्टर्ड पाय ही वेगळी चीज आहे, मैद्याची पारी, त्यात दूध-साखर-अंड्यांचं मिश्रण ओतायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं, अंड्यामुळे ते थिजतं. चवीला खरवसाच्या जवळ जातं ते त्यामुळेच, खरवस चिकाच्या प्रथिनांनी थिजतो, हे अंड्याच्या. त्यामुळे फ्रूट कस्टर्डच्या कॅलरी गूगल करून त्या पायला लावू नका.

सगळ्यात आधी सर्व्हिंग साइझ

कॅलरीचा आकडा हल्ली मोठ्या ठळक अक्षरात छापतात (लेबलचं हे नवीन रूप एफडीएने, म्हणजे अमेरिकन सरकारच्या अन्न-औषध खात्याने, २०१६ मध्ये ठरवलं, मोठ्या कंपन्यांना २०२० पासून लागू झालं), त्यामुळे डोळा थेट तिकडेच जातो. जाऊ देऊ नका. त्याच्या वरची ओळ आधी वाचा. माझ्या डब्यावर होतं: ५ सर्व्हिंग, एक सर्व्हिंग म्हणजे १/५ पाय, १३० ग्रॅम. आता पाच सारखे तुकडे कोण कापतं? आपण सरळ अधिक चिन्ह मारतो, चार तुकडे. मीही तेच केलं आणि लेबलवरच्या २९० कॅलरी त्या चवथ्या हिश्शाला लावून मोकळी झाले.

हा एक पंचमांश येतो कुठून, तर एफडीएने पायसाठी एकावेळी साधारण १२५ ग्रॅम खाल्ला जातो असं धरलंय, आणि कंपनीने आपल्या पायचा जो सुटसुटीत अपूर्णांक त्याच्या सगळ्यात जवळ येईल तो छापायचा. म्हणून मोठ्या पायवर १/८ असेल, मधल्यावर १/६, लहानावर १/४, आणि तो हातात मावणारा चार इंची पाय मिळतो तो अख्खाच्या अख्खा एक सर्व्हिंग. दोन कंपन्यांचे डबे शेजारी धरून नुसत्या कॅलरी बघितल्या तर तुलना फसते ती इथे.

माझा पाय ६५० ग्रॅमचा, म्हणजे अख्खा १,४५० कॅलरींचा. चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा १६२ ग्रॅम आणि साधारण ३६० कॅलरी, आठ केले की ८१ ग्रॅम आणि १८० च्या आसपास. तुलना करायची असेल तर सगळं १०० ग्रॅमवर आणा, कॅलरी भागिले ग्रॅम गुणिले शंभर, आपल्याकडे भारतात पाकिटावर १०० ग्रॅमचे आकडे छापतातच, इथे ते स्वतः काढावे लागतात. माझा आला २२३. अमेरिकन सरकारच्या यूएसडीएच्या पोषणतक्त्यात विकतच्या एग कस्टर्ड पायला १०० ग्रॅमला साधारण २१० कॅलरी दिल्यात, त्यात फॅट ११-१२ ग्रॅम, कार्ब्ज २१ आणि प्रोटीन साडेपाच. तुमचा आकडा २०० ते २५० मध्ये आला तर पाय नेहमीसारखा आहे. पेकान पाय त्याच तक्त्यात ४०० च्या वर जातो. अ‍ॅपल पाय २३५-२४० च्या घरात, फळाचा म्हणून हलका वाटतो पण कस्टर्डपेक्षा जडच, कारण त्याला खाली पारी असते तशी वरूनही पारी असते. पारीचं हे लक्षात ठेवा, पुढे येणारच आहे.

आता आकड्यांची ओळ न् ओळ

माझ्या डब्यावरचं एका सर्व्हिंगचं सांगते, तुमच्या डब्यावर थोडं इकडेतिकडे असेल. एकूण फॅट १३ ग्रॅम, त्यात सॅच्युरेटेड ६, ट्रान्स ०, कोलेस्टेरॉल ७५ मिलिग्रॅम, सोडियम २८०, कार्ब्ज ३६ ग्रॅम, त्यात फायबर १, एकूण साखर २० आणि त्यातली वरून घातलेली १६, प्रोटीन ७, कॅल्शियम ११० मिलिग्रॅम.

पहिल्यांदा एकदा ताळा करून बघा, मजा येते. कार्ब्ज आणि प्रोटीनला ग्रॅममागे ४ कॅलरी, फॅटला ९. म्हणजे १४४ अधिक २८ अधिक ११७, बरोबर २८९. डब्यावर २९० कारण पन्नासच्या वरच्या कॅलरी जवळच्या दहावर नेऊन छापायची पद्धत आहे. आणि यातलं बघा, २९० पैकी ११७ नुसत्या फॅटच्या, आपण घाबरतो साखरेला.

टक्क्यांचा रकाना असतो तो रोज २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या हिशोबाने. सत्तरीतल्या, घरात बसून क्रिकेट बघणाऱ्या माणसाला तेवढ्या लागत नाहीत, त्यामुळे टक्के त्याच्यासाठी प्रत्यक्षात जास्तच धरायचे. सोपा नियम एफडीएच देते, ५ टक्के किंवा कमी म्हणजे थोडं, २० किंवा जास्त म्हणजे भरपूर. या तुकड्यात सॅच्युरेटेड फॅट ३० टक्के आणि वरून घातलेली साखर ३२ टक्के, दोन्ही भरपूरमध्ये. सोडियम १२ टक्के, गोड पदार्थात मीठ कसलं असं सासूबाईंनी विचारलंच, तर पारीतही असतं आणि सारणातही.

ट्रान्स फॅटच्या शून्यावर एक बारीकसं. सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य छापता येतं. पूर्वी यात मोठी चलाखी चालायची कारण पारीत वनस्पती तुपासारखं अर्धवट हायड्रोजनेटेड तेल असायचं, पण एफडीएने २०१५ मध्ये त्यावर बंदीचा निर्णय घेतला आणि २०१८ पासून ती लागू व्हायला लागली, त्यामुळे ही भीती आता बरीच कमी. त्या जागी बहुतेक ठिकाणी पाम तेल आलं, ते जवळजवळ निम्मं सॅच्युरेटेड असतं.

साखरेच्या दोन ओळी असतात त्यांची बेरीज करू नका, दुसरी पहिलीच्या पोटात असते. एकूण २०, त्यातली १६ कारखान्यात घातलेली, उरलेली ४ दुधातली स्वतःची. सोळा ग्रॅम म्हणजे चहाचे चार चमचे साखर. आणि दुधात १०० मिलिलिटरला साधारण ५ ग्रॅम साखर असते, तर ४ ग्रॅमवरून कळतं की या तुकड्यात ऐंशी मिलिलिटरच्या आसपास दुधाचा ऐवज आहे, अर्धा छोटा कप.

अशीच माझी आवडती ओळ म्हणजे कोलेस्टेरॉल, आणि कारण तब्येतीचं नाही हं. (खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकन आहार मार्गदर्शिकेने २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली, लेबलवरचा टक्का मात्र अजून त्याच ३०० वर काढतात.) या ओळीवरून पायमध्ये खरंच अंडी किती आहेत ते ओळखता येतं. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि पायमध्ये ते मुख्यतः अंड्यातूनच येतं, दूध-लोण्याचं थोडंसं. माझ्या डब्यावर ७५ गुणिले पाच तुकडे म्हणजे ३७५, अख्ख्या पायमध्ये फार तर दोन अंडी. नाव एग कस्टर्ड, आणि दोन अंडी! बाकी काम स्टार्च करतो. कोलेस्टेरॉल ५-१० मिलिग्रॅमच दिसलं तर समजा तो आपल्या पावडरीच्या कस्टर्डचा भाऊ आहे, आणि तेव्हा प्रोटीनही खाली गेलेलं दिसेल.

दूध-अंडी आहेत म्हणजे पौष्टिकच की, हे नानांचं म्हणणं. प्रोटीन ७ ग्रॅम आहे हे खरं, पण एक कप दुधात ८ ग्रॅम मिळतं, कॅल्शियम ३०० च्या आसपास, आणि तेही पायच्या निम्म्या कॅलरींत. पौष्टिक म्हणून खाऊ नका, आवडतो म्हणून खा.

वजनकाटा काढा आणि पाय फोडून बघा

हे लेबलवर कुठेच नसतं आणि मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. तुकडा ताटलीत आडवा घेतला, लोणी लावायची बोथट सुरी सारणाच्या आणि पारीच्या मधून सरकवली. थंड असताना करायचं, फ्रिजमधून काढल्या काढल्या, मग कस्टर्ड वडीसारखं अखंड निघतं, फक्त तळाला पारीचा एक ओलसर पिवळट थर चिकटून राहतो तो हलक्या हाताने खरवडायचा. वाटी ठेवून काटा शून्यावर आणला. कस्टर्ड ९६ ग्रॅम. पारी ३२. दोन ग्रॅम सुरीला आणि नानांच्या बोटाला.

आता हिशोब. विकतच्या भाजलेल्या पारीला १०० ग्रॅमला ५०० कॅलरी धरा, करंजीच्या पारीला कडकडीत मोहन घालतो ना, इथे तर मैद्याच्या निम्म्याच्या वर मोहन असतं. म्हणजे ३२ ग्रॅमच्या १६०. राहिल्या १३०, त्या ९६ ग्रॅम कस्टर्डच्या. म्हणजे वजनाने पाव भाग असलेली पारी निम्म्याहून जास्त कॅलरी खाऊन बसलीय, आणि १३ ग्रॅम फॅटपैकी नऊ-साडेनऊ तिच्यातच. साखर मात्र उलट, ती जवळजवळ सगळी कस्टर्डमध्ये.

म्हणून कोणाला काय टाळायचंय त्यावर ताटलीत काय ठेवायचं ते ठरतं. वजन किंवा हृदयाचं पथ्य असेल तर पारी सोडा. मागचा जो जाड, मुरड घातलेला काठ असतो ना, तो एकटा माझ्या तुकड्यात १४ ग्रॅम भरला, म्हणजे ७० कॅलरी, आणि खरं बोलायचं तर चवीला तो कोरडा पुठ्ठाच असतो. तो ताटलीत उरला तर कोणाचं काही जात नाही. पण शुगरवाल्यांनी नुसतं कस्टर्ड खाल्लं म्हणजे साखर टळली असं होत नाही, पारीचा मैदा तेवढा टळतो.

नानांचं आम्ही असं बसवलं. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण २२ ग्रॅम कार्ब्ज. पायच्या अख्ख्या सर्व्हिंगमध्ये ३६, म्हणजे दीड पोळीहून जास्त, वर त्यातले १६ शुद्ध साखर आणि फायबर नावाला. मग अर्धं सर्व्हिंग, १८ ग्रॅम, त्यातूनही काठ काढला की १४ च्या आसपास. त्या रात्री जेवणात एक पोळी कमी. गोळ्यांना हात लावला नाही, ते त्यांच्या डॉक्टरांचं काम. आणि ग्लुकोमीटरवर दोन तासांनी बघितलं, मग आणखी एकदा तासाभराने, कारण फॅट जास्त असलं की साखर रक्तात सावकाश चढते आणि दोन तासांचा आकडा बघून आपण उगाच खूश होतो. नाना पहिल्या आकड्यावर खूश झालेच होते, दुसरा तुकडा मिळेल का असा चेहरा करून, दुसऱ्या आकड्याने गप्प बसवलं.

शुगर-फ्री कस्टर्ड पाय मिळतो, तो मी आणला एकदा. वरून घातलेली साखर नाही पण कार्ब्ज जवळपास तेवढेच, कारण मैदा तोच आणि गोडीसाठी माल्टिटॉलसारखं शुगर अल्कोहोल, जे जास्त झालं की पोट धरून बसावं लागतं. कार्ब्जची एकूण ओळ बघा, पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका.

घटकांची यादी, आणि शाकाहाराचा प्रश्न

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. चांगल्या पायमध्ये दूध पहिलं, मग साखर, मैदा, अंडी हे वर असतात. पाणी आणि कॉर्न सिरप वर, अंडी खाली कुठेतरी, आणि मध्ये मॉडिफाइड फूड स्टार्च असेल तर दुधाची अपेक्षा कमी ठेवा. साखर तीन-चार नावांनी विखुरलेली असते, कॉर्न सिरप, डेक्स्ट्रोज वगैरे, म्हणून यादीत ती खाली दिसली तरी ॲडेड शुगरची ओळच खरी. मैद्यापुढे कंसात नायसिन, लोह, फॉलिक अ‍ॅसिड असं लांबलचक दिसतं, त्याने घाबरू नका, ती मैद्यात मिसळलेली जीवनसत्त्वं आणि लोह असतात. ॲनाटो म्हणजे आपली शेंद्री, रंगासाठी.

सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांनी हा पाय खाल्लाच नाही. पण जे अंडं खातात आणि बाकी शाकाहारी आहेत त्यांनी पारी तपासा. इथे डब्यावर हिरवा-तपकिरी ठिपका नसतो. यादीत लार्ड दिसलं तर ती डुकराची चरबी, जुन्या पद्धतीच्या पारीत ती मुद्दाम घालतात, खुसखुशीत होते म्हणून. बीफ फॅट किंवा टॅलो म्हणजे गाईगुरांची. नुसतं व्हेजिटेबल शॉर्टनिंग असेल तर चालेल. घाईत असाल तर जुन्या देशी मंडळींची युक्ती वापरा, डब्यावर वर्तुळातलं यू आणि शेजारी डी असं ज्यू लोकांच्या कोशर प्रमाणपत्राचं चिन्ह शोधा. ते असलं की पदार्थात दूध आहे किंवा तो दुधाच्या यंत्रांवर बनलाय, आणि डुकराची किंवा गुरांची चरबी त्यात नाही. जिलेटिन मात्र तरीही यादीत बघाच, माशापासूनचं कोशर जिलेटिन असू शकतं.

ॲलर्जीची ओळ यादीखाली 'कंटेन्स' म्हणून असते, अंडं, दूध, गहू, बऱ्याचदा सोयाही.

ठेवायचा कसा

अंडं-दुधाचा पाय बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये आणि फ्रिज ४० फॅरनहाइट म्हणजे साधारण ४ सेल्सिअसच्या खाली हवा. आमच्याकडे गणपतीनंतरच्या पॉटलकला संध्याकाळी सातला टेबलवर ठेवलेला पाय मला रात्री बाराला आठवला, निम्मा उरला होता, दिसायला अगदी छान, पण टाकला. जीवावर आलं, नाना तर बघतच राहिले. दुकानात फ्रिजबाहेरच्या फळीवर ठेवलेले काही पाय दिसतात, त्यात टिकवण्यासाठी सॉर्बेट किंवा प्रोपियोनेट घातलेलं असतं, ते बघून फ्रिजमधलाही बाहेर चालेल असं समजू नका. कापल्यावर तीन-चार दिवसांत संपवा.

फ्रीझरमध्ये टाकायचा मोह होतो, पण कस्टर्ड गोठून वितळलं की फाटल्यासारखं होतं, पाणी सुटतं आणि पारी लिबलिबीत. त्यापेक्षा आणल्या दिवशीच आठ तुकडे करून शेजारी वाटून टाका, आम्ही दोन ठेवून सहा वाटतो, आणि त्या दोनातला काठ आता नाना स्वतःच सुरीने काढून बाजूला ठेवतात.